क्षेत्रपाहणीचा प्रवास आणि रात्रीची झोप

बोलींच्या अभ्यासासाठी क्षेत्रपाहणीस निघणाऱ्या विद्यार्थ्याला आपण पुष्कळ गोष्टी शिकवितो. प्रश्नावली कशी आखावी, निवेदक कसा निवडावा, ध्वनिमुद्रण कोठे बसून करावे, ऐकलेला उच्चार कोणत्या चिन्हाने टिपावा, या सर्वांचे पाठ अभ्यासक्रमात आहेत. ज्या कानाने हे सारे ऐकावयाचे, तो आदल्या रात्री झोपलेल्या माणसाचा आहे की जागलेल्या, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. प्रवासातील झोप ही ज्याच्या त्याच्या प्रकृतीची बाब मानून सोडून दिली जाते. प्रस्तुत लेखात तिचा विचार प्रकृतीच्या अंगाने न करता साधनाच्या अंगाने करावयाचा आहे. ध्वनिमुद्रकाची बॅटरी भरलेली आहे की नाही हे आपण निघण्यापूर्वी पाहतो. ध्वनिलेखन करणाऱ्याची झोप पुरी झाली आहे की नाही हे पाहण्याचे कारणही त्याच जातीचे आहे.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीत (१८९४–१९२८) हा प्रश्न फारसा उद्भवलाच नाही. बोलींचे नमुने जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकाऱ्यांमार्फत मागविले गेले, आणि मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला तो मुख्यतः अशा कागदावरून आलेल्या सामग्रीच्या आधारे. संपादकास त्यासाठी गावोगाव मुक्काम करावा लागला नाही. अ. मा. घाटगे यांची मराठी बोलींची पाहणी १९६० नंतरच्या दशकात ग्रंथमालेच्या रूपाने प्रसिद्ध होऊ लागली, ती प्रत्यक्ष बोलणाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या सामग्रीवर उभी होती. नमुना टपालाने यावयाचा थांबला आणि कान स्वतःच प्रवासास निघाला. त्याबरोबर एस.टी.ची रात्र, परक्या घराची ओसरी आणि आश्रमशाळेतील सतरंजी या गोष्टी भाषाभ्यासाच्या परिघात आल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी झोपेविषयी मराठी भाषा काय बोलते हे थोडे न्याहाळणे उपयोगी पडेल. ‘मी दहा वाजता झोपलो, पण झोप लागली बारा वाजता’ या वाक्यात मराठी भाषकास कोणतीही विसंगती वाटत नाही. ‘झोपणे’ ही मनुष्याने करावयाची क्रिया आहे. ‘झोप लागणे’ ही त्याच्या बाबतीत घडणारी घटना आहे. पहिल्या वाक्यात मनुष्य कर्ता आहे, दुसऱ्यात कर्ता झोप आहे आणि मनुष्य चतुर्थीत जाऊन बसला आहे. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, वेड लागते, तशीच झोपही लागते. आज्ञार्थाची कसोटी लावली तर भेद अधिक स्पष्ट होतो. ‘झोप आता’ असे मुलास म्हणता येते. झोप लागण्याची आज्ञा मात्र करता येत नाही, ‘लागू दे झोप’ अशी इच्छा तेवढी व्यक्त करता येते. शिवाय झोप आधी ‘येते’, मग ‘लागते’, मध्येच ‘चाळवते’, ‘मोडते’ किंवा साफ ‘उडते’, आणि सगळे सुरळीत पार पडले तर सकाळी ‘होते’. ‘झोप झाली का?’ हा पाहुण्यास विचारावयाचा प्रश्न ती पुरेशी झाली का, एवढ्याचसाठी असतो. या सर्व प्रयोगांत झोप स्वतः काहीतरी करते आणि मनुष्य ते अनुभवतो. ‘झोप काढणे’ हा प्रयोग तेवढा वेगळा. तेथे मनुष्याच्या हाती काहीशी सत्ता आहे. पण काढली जाते ती बहुधा दुपारची किंवा फावल्या वेळातली झोप. रात्रभराच्या झोपेविषयी असे सहसा कोणी बोलत नाही.

अर्थात व्याकरणावरून शरीरशास्त्र काढण्याचा मोह टाळला पाहिजे. अनुभव घेणाऱ्यास चतुर्थीत ठेवण्याची ही रीत भारतीय उपखंडातील अनेक भाषांत आढळते. कन्नडातही ‘ननगे निद्दे बंतु’, म्हणजे ‘मला झोप आली’, असेच म्हणतात. तेव्हा तो एका प्रदेशाचा भाषिक विशेष आहे, निद्रेविषयीचा सिद्धान्त नव्हे. तरीही ‘येणे’ आणि ‘लागणे’ यांतील भेद वस्तुस्थितीशी चांगला जुळतो हे नमूद करण्यासारखे आहे. आलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार झोपेमागे दोन प्रक्रिया असतात : जागेपणी तासागणिक वाढत जाणारा झोपेचा दाब, आणि शरीरातील चोवीस तासांचे घड्याळ. या दोहोंच्या मेळाने झोप ‘येते’. पण आलेली झोप ‘लागेल’च असे नाही. त्याला भोवतालची अनुमती लागते, आणि प्रवासात नेमकी तीच मिळत नाही.

‘जागा बदलली की झोप लागत नाही’ हे वाक्य आपल्याकडे इतके रूढ आहे की त्यात काही शास्त्र असेल असे वाटत नाही. प्रयोगशाळेत झोपेचे मापन सुरू झाले तेव्हा संशोधकांना प्रथम ही अडचण म्हणूनच भेटली. विद्युत्‌अग्रे लावून झोपविलेल्या व्यक्तींची पहिली रात्र पुढच्या रात्रींशी जुळत नसे. अॅग्न्यू, वेब आणि विल्यम्स यांनी १९६६ मध्ये या प्रकाराचे पद्धतशीर वर्णन करून त्यास ‘पहिल्या रात्रीचा परिणाम’ असे नाव दिले. पहिल्या रात्री जाग अधिक येते, आणि डोळ्यांच्या जलद हालचालींची जी स्वप्नमय निद्रा, तिचा वाटा कमी होतो. पुढे कित्येक वर्षे संशोधक पहिल्या रात्रीची नोंद सरळ टाकून देत आणि दुसऱ्या रात्रीपासून हिशेब धरीत. टाकाऊ ठरविलेली ही रात्रच मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात अभ्यासासाठी घेतली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार नव्या जागी पहिल्या रात्री गाढ निद्रेत मेंदूचे दोन अर्ध सारखे झोपत नाहीत. डाव्या अर्धातील एका विशिष्ट जाळ्यात गाढपणा कमी राहतो. उजव्या कानात वेगळा, अनपेक्षित आवाज ऐकविला असता या अर्धाचा प्रतिसाद अधिक तीव्र असतो, आणि झोपलेला मनुष्य लवकर जागा होतो. त्याच जागी पुन्हा झोपविल्यावर हा भेद दिसेनासा झाला. डॉल्फिन व काही पक्षी मेंदूचा अर्धा भाग जागा ठेवून झोपतात, त्याचे हे मानवातील अंधुक रूप मानता येईल. आपल्याकडे सावध झोपेस श्वाननिद्रा म्हणतात. नव्या गावातील पहिली रात्र ही थोडीफार श्वाननिद्राच असते.

डावा अर्ध बहुतेकांत भाषेचाही असतो, हे वाचताच आमच्या व्यवसायातील माणसाचे कान टवकारतात. पण येथे घाई करू नये. पहारा करणारे जाळे आणि भाषेची क्षेत्रे ही एकच नव्हेत. झोपेतील मेंदू भाषेकडे लक्ष ठेवतो याला मात्र स्वतंत्र आधार आहे. ऑस्वल्ड, टेलर आणि ट्रीझमन यांनी १९६० मध्ये झोपलेल्या व्यक्तींना ध्वनिफितीवरून नावांची मालिका ऐकविली. ज्याचे त्याचे स्वतःचे नाव आले की मेंदूच्या विद्युत्‌लेखात ठळक प्रतिसाद उमटे. तेच नाव उलटे वाजविले तर तो कमी होई. म्हणजे आवाजाची पातळी तीच, पण शब्दाची ओळख पटली की फरक पडतो. रात्रीच्या गाडीत कंडक्टरने दहा गावांची नावे पुकारली तरी न हलणारा प्रवासी आपल्या गावाच्या नावाने दचकून उठतो, त्याची उपपत्ती यात आहे. लेजांद्र आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये आणखी पुढची गोष्ट दाखविली. दोन कानांत एकाच वेळी दोन प्रकारचे बोलणे ऐकविले, एक अर्थपूर्ण आणि दुसरे बनावट अर्थहीन शब्दांचे, तर हलक्या निद्रेतील मेंदू अर्थपूर्ण बोलण्याचा पाठपुरावा अधिक करतो. गाढ निद्रेत हा कल टिकत नाही. शेजारच्या बाकावर दोन माणसे हलक्या आवाजात मराठीत बोलत असतील, तर ती चाकांच्या मोठ्या खडखडाटापेक्षा अधिक त्रासदायक का वाटतात, हे आता सांगावयास नको. भाषेच्या अभ्यासकास तर ती बोली कोणत्या तालुक्याची, हाही प्रश्न पडतो आणि उरलीसुरली झोपही उडते.

आता या सर्वांचा ध्वनिलेखनाशी काय संबंध, ते पाहू. तो दुहेरी आहे. झोपेअभावी आज ऐकण्यात चूक होते ही एक बाजू झाली. काल जे ऐकावयास शिकलो ते झोपेवाचून पक्के होत नाही, ही दुसरी. दुसरी बाजू कमी परिचित आहे, म्हणून ती आधी घेतो. शिकागो विद्यापीठातील फेन, नुसबाउम आणि मार्गोलिएश यांनी २००३ मध्ये पुढील प्रयोग प्रसिद्ध केला. यंत्राने निर्माण केलेले, कळावयास कठीण असे बोलणे ऐकण्याचा सराव काही व्यक्तींकडून करून घेतला. सकाळी सराव केलेल्यांची चाचणी त्याच दिवशी संध्याकाळी घेतली तेव्हा मिळविलेले कौशल्य बरेच घटलेले आढळले. पण रात्रीच्या झोपेनंतर चाचणी घेतली तर ते परत आलेले दिसले. दिवसभरात विरू लागलेले शिक्षण रात्रीने सावरले, असा याचा अर्थ.

याहून आपल्या अधिक जवळचा प्रयोग सायाको अर्ल आणि एमिली मायर्स यांचा आहे (२०१५). अमेरिकन इंग्रजी भाषकांना त्यांनी हिंदीतील दंत्य आणि मूर्धन्य स्पर्शांचा, म्हणजे आपल्या त-ट, द-ड या जातीचा भेद शिकविला. हा भेद त्यांच्या भाषेत नाही. त्यांचा एकच वर्त्स्य ध्वनी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडतो. संध्याकाळी शिकलेले लोक रात्री झोपून सकाळी तपासले असता सुधारलेले आढळले. सकाळी शिकलेल्यांत तशी सुधारणा दिसली नाही. याचे कारण संशोधकांनी असे दिले की सकाळी शिकलेला मनुष्य दिवसभर स्वतःच्या भाषेतील जवळचे ध्वनी ऐकत राहतो आणि ते नव्या, अद्याप ओल्या ठशावर उमटतात. संध्याकाळी शिकलेल्याचा ठसा झोपेत सुकून घट्ट होतो.

प्रमाण मराठीत वाढलेला विद्यार्थी बोलीच्या प्रदेशात जातो तेव्हा त्याची स्थिती त्या अमेरिकन विद्यार्थ्याहून फार वेगळी नसते. वऱ्हाडीत किंवा अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, हे त्याने वाचलेले असते, त्यामुळे ते ऐकू येते. परंतु न वाचलेला भेद ऐकू येणे ही निराळी गोष्ट आहे. ‘जग’ म्हणजे विश्व यातील तालव्य ‘ज’ आणि ‘जग’ म्हणजे ‘जिवंत राहा’ यातील दंततालव्य ‘ज’ हा भेद प्रमाण मराठीत स्पष्ट आहे. एखाद्या बोलीत तो भेद पुसट झाला असेल, किंवा दोहोंच्या मध्ये तिसराच उच्चार होत असेल, तर आपला कान त्यास ओढून आपल्या दोन कप्प्यांपैकी एकात टाकतो. वॉरेन यांनी १९७० मध्ये दाखविले होते की शब्दातील एक ध्वनी काढून तेथे खोकला घातला तरी ऐकणाऱ्यास तो ध्वनी ऐकू आल्याचाच भास होतो. कान जे नाही तेही आपल्या अपेक्षेतून पुरवितो. या पुरवठ्यावर पहारा ठेवणारी गोष्ट म्हणजे अवधान, आणि झोप कमी पडली की प्रथम ढळते ते अवधानच.

या ठिकाणी एक आक्षेप संभवतो, आणि तो खरोखरच घेतला जातो. ध्वनिमुद्रण तर झालेले असते. कान पेंगुळलेला असला तरी परत आल्यावर दहा वेळा ऐकता येईल. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. मुद्रित झालेले पुन्हा ऐकता येते, न विचारलेला प्रश्न पुन्हा विचारता येत नाही. निवेदकाने एखादा शब्द अनपेक्षित रीतीने उच्चारला की त्याच क्षणी लघुतम युग्म शोधावे लागते, दुसरा शब्द पुढे करावा लागतो, शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या आजींना ‘तुम्ही कसं म्हणता?’ असे विचारावे लागते. तो क्षण ज्याच्या ध्यानातून निसटला त्याच्या हाती स्वच्छ, सुश्राव्य आणि निरुपयोगी मुद्रण राहते. दूरच्या पाड्यावर पुन्हा जाणे बहुधा होत नाही. ज्या बोलींचे बोलणारे थोडे आणि वृद्ध आहेत, तेथे पुन्हा जाण्यास अर्थही राहत नाही.

तेव्हा रात्रीच्या प्रवासाने एक दिवस वाचतो, हा आपल्याकडील दौऱ्यांच्या आखणीतील हिशेब तपासून पाहिला पाहिजे. संध्याकाळी वर्ग आटोपून रातराणी गाडी धरावयाची, पहाटे तालुक्याच्या गावी उतरावयाचे, तोंड धुऊन, चहा घेऊन नऊ वाजता पहिली बैठक सुरू करावयाची, असा हा क्रम असतो. रात्रीची झोप एकजिनसी नसते. सुमारे दीड-दीड तासाची आवर्तने होतात. गाढ, मंदतरंगी निद्रा मुख्यतः रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात येते आणि १९५३ मध्ये अॅसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी वर्णिलेली चलनेत्र, स्वप्नमय निद्रा शेवटच्या तृतीयांशात दाट होते. आपल्या भाषेने ज्या भागास साखरझोप असे नाव दिले, तो हाच. पहाटे साडेचारला उतरणारा प्रवासी नेमका हा भाग गमावतो. त्यातही तो बसून आलेला असेल, तर मधली चलनेत्र निद्राही त्यास धड मिळत नाही. कारण त्या अवस्थेत मानेचे स्नायू सैल पडतात, मान लवते, हिसका बसतो आणि जाग येते. रात्रभर झोपलो असे त्याला वाटते. वस्तुतः तो रात्रभर पेंगलेला असतो. शिवाय शरीराचे तापमान पहाटेच्या सुमारासच सर्वांत खाली असते, आणि त्या वेळी एकदम उठविलेल्या माणसाचे भान काही काळ जड राहते. बसस्थानकावर चुकीच्या रिक्षात बसणे, पिशवी विसरणे हे प्रकार याच वेळी होतात.

या हिशेबातील सर्वांत फसवी बाब अशी की तोटा ज्याचा त्याला कळत नाही. व्हॅन डाँगेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही व्यक्तींना सलग चौदा दिवस रात्री सहाच तास झोपू दिले. त्यांचे अवधान दिवसेंदिवस घसरत गेले, आणि शेवटी संपूर्ण रात्र किंवा दोन रात्री जागलेल्या माणसांइतके खाली आले. आपणांस किती झोप येते आहे, या प्रश्नास ती माणसे मात्र पहिल्या काही दिवसांनंतर जवळजवळ तेच उत्तर देत राहिली. तेव्हा ‘मला सवय आहे, मला काही होत नाही’ हे पाहणी करणाऱ्याचे विधान पुरावा म्हणून धरता येत नाही. निवेदकाचे स्वतःच्या उच्चाराविषयीचे मत आपण प्रमाण मानीत नाही, तसेच हे.

करता येण्यासारखे काय आहे? पहिली गोष्ट आखणीची. दिवसा प्रवास करून संध्याकाळपर्यंत मुक्कामी पोहोचावे. रोज नवे गाव घेतले तर रोज नवी पहिली रात्र पदरी पडते; त्यापेक्षा एका गावी ठाणे करून आसपासच्या वस्त्यांवर दिवसा जाऊन यावे. पहिला दिवस ओळखी, सरपंचांची भेट, गावाचा नकाशा, घरांची माहिती यांत घालवावा, कारण ही कामे अर्ध्या झोपेवरही निभतात. सूक्ष्म ध्वनिलेखन दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून धरावे. वर सांगितलेल्या प्रयोगांवरून आणखी एक गोष्ट सुचते : दिवसा सापडलेल्या नव्या ध्वनिभेदांची मुद्रणे रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा ऐकावीत, आणि त्यानंतर आपसांतील प्रमाण मराठीतील गप्पा आवरत्या घ्याव्यात. ही शिस्त तरुणांस जड जाईल हे उघड आहे.

रात्रीचा प्रवास टळतच नसेल तर आडवे होता येईल असे वाहन निवडावे. रेल्वेची झोप एस.टी.पेक्षा बरी लागते हा सार्वत्रिक अनुभव आहे, आणि आडवे पडणे हे त्याचे सर्व कारण नसावे. जिनिव्हा येथील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखविले की चार सेकंदांस एक, अशा संथ हेलकाव्याने प्रौढ माणसासही लवकर झोप लागते आणि ती अधिक गाढ होते. पाळण्याचे तत्त्व मोठेपणीही लागू पडते. गाडीचा डोल त्याच्या थोडाफार जवळ जातो. घाटातील बसचे हिसके मुळीच जात नाहीत. शयनयानात रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपण्याची अधिकृत वेळ २०१७ मध्ये ठरविण्यात आली आहे. सहप्रवाशांची मैफल रंगली असेल तर सौम्य शब्दांत तिची आठवण करून द्यावयास संकोच नसावा.

आवाजाच्या बाबतीत एवढे ध्यानात ठेवावे की झोप मोडते ती पुष्कळदा आवाजाने नव्हे, तर आवाजातील बदलाने. एकसुरी घरघरणारा पंखा हा म्हणूनच मित्र होय. तो बाहेरच्या कुत्र्यांचे भुंकणे आणि बसस्थानकाचे भोंगे पुष्कळसे बुजवतो. काही माणसे कोठेही झोपू शकतात, त्यांचा हेवा वाटतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या निद्रालेखात चातीच्या आकाराच्या तरंगांचे झुबके अधिक येतात त्यांची झोप आवाजाने कमी मोडते, असे आढळले. हे देणे उपजत दिसते. बाकीच्यांनी कानांत बोळे घालावेत. पावले गरम असली की झोप लवकर लागते हे बाझेल येथील संशोधकांनी १९९९ मध्ये मापून दाखविले. पावलांतून उष्णता बाहेर पडते आणि शरीराचा गाभा निवतो, हे त्याचे कारण. वातानुकूलित डब्यात पायमोजे घालणे किंवा थंडीच्या दिवसांत झोपण्यापूर्वी ऊन पाण्यात पाय बुडविणे, हे आजीबाईचे उपाय नव्हेत.

चहाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. खेड्यात दहा घरी गेले की दहा घरी चहा होतो, आणि ‘नको’ म्हणणे यजमानास लागते. कॅफीनचे शरीरातील प्रमाण अर्धे होण्यास सुमारे पाच तास लागतात. पाच वाजता घेतलेल्या चहाचा अर्धा अंश रात्री दहा वाजताही रक्तात असतो आणि झोपेचा साचलेला दाब जाणवू देत नाही. अर्धा कप घ्यावा, आणि दुपारनंतर ताक किंवा गूळपाणी मागावे. मागून घेतलेले ताक नाकारलेल्या चहाचा अपमान भरून काढते.

सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे मच्छरदाणी. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या भागात ती का हवी हे सर्वांस ठाऊक आहे. पण दुसरेही कारण आहे. मण्यार हा अतिविषारी साप रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसास झोपेतच चावतो. दंश पुष्कळदा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही, आणि पहाटे पोटात कळा येऊन पापण्या मिटू लागतात तेव्हा दवाखाना दूर असतो. यास्तव जमिनीवरील पथारीपेक्षा बाज किंवा खाट बरी, आणि कोठेही झोपले तरी मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचलेल्या असाव्यात. हिची तजवीज विद्यार्थ्यावर न सोडता दौऱ्याच्या खर्चातूनच झाली पाहिजे. खोचलेल्या जाळीत मनुष्य निर्धास्त होतो आणि निर्धास्त माणसास झोप लागते, हा लाभ वेगळाच.

येथवर झोपेचा विचार पाहणी करणाऱ्याच्या बाजूने केला. समोर बसलेल्या निवेदकासही आदली रात्र असते. शेतीपंपांना वीज पाळीने मिळते. रात्रीची पाळी असलेल्या आठवड्यात शेतकरी अंधारात पाणी धरून सकाळी घरी आलेला असतो. पीक उभे असताना रानडुकरांसाठी मचाणावर जागल असते. लग्नसराईत गावच्या गाव जागे असते. हॅरिसन आणि हॉर्न यांनी १९९७ मध्ये दाखविले की सुमारे दीड दिवस जागलेल्या माणसाच्या वाचनातील सुरांचे चढउतार सपाट होतात आणि त्याला शब्द सुचण्याची गती मंदावते. अशा माणसाचे बोलणे मुद्रित करून ‘या बोलीत सुरांची व्याप्ती अल्प आहे’ असा निष्कर्ष काढला, तर तो बोलीचा विशेष नसून ओलिताच्या पाळीचा असेल. निवेदकाच्या नोंदपत्रकात वय, शिक्षण, जात, व्यवसाय, स्थलांतर यांचे रकाने आपण काटेकोरपणे भरतो. त्यांत आदल्या रात्री झोप किती झाली, असा आणखी एक रकाना घालावा, आणि तो निवेदकासाठी एकदा व ध्वनिलेखन करणाऱ्यासाठी एकदा, असा दोन ओळींचा असावा.